खेळपट्टीएवढ्या अंतरावरचे हरीण

प्रश्न : मी गेली अकरा वर्षे अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनजवळ राहतो. सहकाऱ्यांच्या संगतीने रायफलने हरणाची शिकार शिकलो आणि सहा हंगामांत चार हरणे मिळवली. रायफलचा हंगाम मात्र नऊच दिवसांचा असतो आणि त्यातच थँक्सगिव्हिंगचा सण येतो, त्यामुळे मुलांना सुटी असते तेव्हा मी रानात असतो. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ खांद्याच्या दुखण्यामुळे आता क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखे धरून घोडा दाबून बाण सोडायचे धनुष्य, वापरतात. त्यांनी त्यांचे जुने कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेले धनुष्य मला देऊ केले आहे. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. शिवाय दीडशे यार्डांवरून दुर्बिणीतून नेम धरण्यापेक्षा धनुष्याने केलेली शिकार अधिक न्याय्य आहे, असेही मला वाटते. पत्नीचे म्हणणे आहे की जे येते तेच करावे. नाशिकहून आईने फोनवर पांडू राजाची गोष्ट ऐकवली. मी धनुष्य हाती घ्यावे का आणि घेतले तर याच वर्षी शिकारीला जावे का?

उत्तर : धनुष्य जरूर घ्या, मात्र या सप्टेंबरात ते घेऊन रानात जाऊ नका. तुमच्या दोन प्रश्नांना माझी ही दोन उत्तरे आहेत, आणि पहिल्यापेक्षा दुसऱ्याविषयी मी अधिक ठाम आहे, कारण रायफलचे नऊ हंगाम झाल्यावर मी स्वतः धनुष्याकडे वळलो तेव्हा हीच घाई केली होती आणि तिची किंमत एका हरणाने मोजली.

आधी तुमच्या ‘न्याय्य’ या शब्दाविषयी बोलू. रायफल सोडून धनुष्याकडे वळणाऱ्या बहुतेकांच्या मनात ही भावना असते आणि ती खोटी नाही. पण ती शिकाऱ्याच्या बाजूची आहे, हरणाच्या बाजूची नाही. धनुष्यामुळे हरणाला निसटण्याची संधी अधिक मिळते, हे खरे. परंतु ती संधी बाण सुटण्यापूर्वीची आहे. तुमचा वास आला, फांदीवर बूट घासला, दोरी ओढताना हात हलला की हरीण निघून जाते आणि त्यात त्याचे काहीच बिघडत नाही. बाण एकदा सुटल्यावर मात्र त्या प्राण्याला न्याय नको असतो, त्याला लवकर मरण हवे असते, आणि त्या बाबतीत चांगल्या नेमबाजाच्या हातातील रायफल अधिक दयाळू आहे. इंग्लंडमध्ये हरणावर बाण सोडणे कायद्याने गुन्हा आहे, ते याच विचारातून. अमेरिकेने वेगळी वाट धरली. तुमच्याच विस्कॉन्सिनने १९३४मध्ये धनुष्यासाठी स्वतंत्र हंगाम ठेवला आणि असे करणारे ते पहिले राज्य ठरले. मला दोन्ही भूमिका समजतात, आणि मी स्वतः बाण वापरतो तो एका अटीवर : धनुष्यामुळे शिकारीत जी अडचण वाढते ती सगळी मी सोसायची, हरणाच्या वाट्याला तिचा अंशही जाऊ द्यायचा नाही. ही अट तुम्हाला पाळता येईल का, एवढाच माझ्या दृष्टीने तुमचा प्रश्न आहे.

आता अंतराचा विचार करू. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते हे तुम्हाला सांगायला नको. नव्याने धनुष्य घेणाऱ्याचे सारे रान त्या खेळपट्टीएवढेच असते. ३०-०६ रायफलची गोळी सेकंदाला सुमारे २,८०० फूट वेगाने निघते, म्हणजे ती आवाजाच्याही पुढे धावते आणि हरणाला आवाज ऐकू येण्यापूर्वीच लागते. कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण २७० फूट जातो. हा वेग वेगवान गोलंदाजाच्या चेंडूच्या दुप्पट असला, तरी आवाजाच्या पाव पटच आहे. त्यामुळे दोरीचा ‘टप्’ असा आवाज हरणाच्या कानी आधी पोचतो आणि बाण नंतर. बाणाला २२ यार्ड जायला सेकंदाचा सुमारे पाव भाग लागतो, तर ४० यार्ड जायला जवळजवळ अर्धा सेकंद. अर्धा सेकंद म्हणजे गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत येण्यास लागणारा वेळ, आणि तेवढ्या वेळात चांगला फलंदाज उसळत्या चेंडूखाली वाकून स्वतःला वाचवतो हे आपण शेकडो वेळा पाहिले आहे. हरणाची चपळाई त्या फलंदाजाहून कितीतरी अधिक असते. दचकलेले हरीण पळण्याकरिता आधी पाय दुमडून खाली बसते आणि मग उसळी घेते. छातीच्या मध्यावर धरलेला नेम तेवढ्यात पाठीच्या कण्याजवळ जातो. नेम अचूक होता आणि तरीही बाण चुकीच्या जागी लागला, असे रायफलच्या बाबतीत क्वचितच घडते; धनुष्याच्या बाबतीत ते नेहमीचे आहे.

माझ्या हातून नेमके हेच झाले. पहिल्याच वर्षी, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, ३४ यार्डांवर एक मादी मान उंचावून, कान माझ्या दिशेने वळवून उभी होती. अंगणातील गवताच्या लक्ष्यावर मी ४० यार्डांवरून बाण मारीत असे, म्हणून ३४ म्हणजे काहीच नाही असे वाटले. लक्ष्य ऐकत नसते, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. बाण उंच आणि मागे लागला. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही तिघांनी माग काढला. ओढ्यापलीकडे रक्ताचे थेंब संपले आणि ती मादी कधीच सापडली नाही. यावर माझे मित्र ‘होते असे’ म्हणाले. होते, हे खरेच आहे. मेरीलँडमधील एका नौदल तळावर धनुर्धारी शिकाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हरणे हाती लागली नव्हती, आणि ते शिकारी प्रशिक्षण घेतलेले होते. हा आकडा पाहून धनुष्य सोडून देणारी माणसे आहेत, आणि मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. तुम्हीही या आकड्याशी एकदा निवांत बसून विचार करा. तो सोसवत नसेल तर रायफल उत्तम आहे आणि तिच्यात कमीपणा काहीच नाही.

रायफलच्या सवयींपैकी काही तुम्हाला मोडाव्या लागतील, आणि नव्याने शिकण्यापेक्षा हे मोडणेच अधिक जड जाते. गोळी आपल्या आघाताने ऊतींची नासधूस करते. बाण केवळ कापतो. त्याने दोन्ही फुप्फुसे किंवा हृदय कापले तर हरीण बहुधा १०० यार्डांच्या आत काही सेकंदांत कोसळते, परंतु ही जागा जेवणाच्या छोट्या ताटलीएवढी, सुमारे आठ इंच व्यासाची आहे. रायफलने तुम्ही खांद्यावर नेम धरत असाल, कारण गोळी हाड फोडून आत जाते. त्याच जागी बाण अडकतो. समोरून चालत येणाऱ्या हरणाच्या छातीवर गोळी चालवणे शक्य असते. बाण सोडणे योग्य नाही. मधली काटकी गोळीने तुटते, पण बाणाला मात्र वळवते. म्हणून हरीण आडवे उभे असेल किंवा तुमच्यापासून थोडे तिरके, पलीकडे तोंड करून उभे असेल तेव्हाच बाण सोडायचा. तिरक्या हरणाच्या बाबतीत नेम पलीकडच्या पुढच्या पायाच्या रोखाने धरायचा, म्हणजे बाण दोन्ही फुप्फुसांतून जातो. मचाण फार उंच बांधले आणि हरीण अगदी खाली आले तर वरून फक्त एकच फुप्फुस सापडते. तेव्हा ते थोडे पुढे जाईपर्यंत थांबावे लागते. या सगळ्याचा हिशेब केला तर धनुष्याच्या टप्प्यात आलेल्या दर चार-पाच हरणांपैकी जेमतेम एकावर बाण सोडण्याजोगी स्थिती येते. निदान माझा अनुभव असा आहे.

शेजाऱ्यांच्या धनुष्याविषयी मला तुम्हाला आताच सावध केले पाहिजे. रायफल कोणाचीही चालते, धनुष्य मात्र अंगाला बेतलेले असावे लागते. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकापासून टोकापर्यंतचे अंतर इंचांत मोजा आणि त्याला अडीचने भागा. जे येईल तो तुमच्या ओढीच्या लांबीचा, म्हणजे दोरी किती मागे ओढायची त्याचा, ठोकळ अंदाज. तुमची उंची तुम्ही कळवलेली नाही, परंतु साडेपाच फूट उंचीच्या माणसाची ओढ २६-२७ इंचांच्या आसपास येते, आणि उंचपुऱ्या माणसासाठी लावलेले धनुष्य त्याहून दोन-तीन इंच लांब असू शकते. असे धनुष्य ओढले की अंग मागे झुकते, कोपर ताणले जाते, दोरी हातावर बसते आणि नेम कधीच स्थिरावत नाही. आणि माणूस मात्र दोष स्वतःला देत राहतो. काही धनुष्यांत ही लांबी बदलता येते, काहींत सुटा भाग बदलावा लागतो, काहींत काहीच करता येत नाही. म्हणून ते धनुष्य धनुर्विद्येच्या जाणत्या दुकानात घेऊन जा, दोरी आणि तारा जुन्या असतील तर बदलून घ्या आणि धनुष्याच्या लवणाऱ्या दोन्ही भुजांना तडे नाहीत ना हे तपासून घ्या. तोवर बाण न लावता दोरी ओढून सोडण्याचा मोह टाळा, कारण बाणाने न्यायची सारी शक्ती तेव्हा धनुष्यातच उलटते आणि ते हातात फुटू शकते. भेट मिळालेले धनुष्य बसत नसेल तर संकोच न करता परत करा. ज्या माणसाने अनेक वर्षे बाण चालवले आहेत त्याला हे कारण सांगताक्षणी पटेल.

ओढीचे वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारे बळ, तेही तसेच. हॉलिस विल्बर ॲलन या मिझुरीतील गृहस्थांनी १९६६मध्ये कंपाउंड धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हापासून या साधनाचा मोठा गुण असा की पूर्ण ओढल्यावर चाकांमुळे भार उतरतो. ६० पौंडांचे धनुष्य ८० टक्के भार उतरवत असेल तर हातात १२ पौंडच राहतात. पण तिथवर जायला ६० पौंड ओढावेच लागतात, आणि तेही थंडीत, जाड कोट घालून, बसल्या जागी, हरीण बघत असताना हळूच. विस्कॉन्सिनच्या नियमानुसार किमान ३० पौंड पुरतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला ४५-५० पौंड आणि बाणाला धारदार पाती भरपूर झाली. खुर्चीत बसून, धनुष्य आडव्या रेषेत समोर धरून, ते आकाशाकडे न उचलता ओढता येत नसेल तर ते वजन तुमचे नाही. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या माणसाचा खांदा एका महिन्यात तयार होत नाही, आणि शेजाऱ्यांचा खांदा कशाने गेला हे त्यांना एकदा विचारा.

तयारी झाली की नाही हे ओळखण्याची माझी पद्धत साधी आहे आणि ती मनाला दिलासा देणारी नाही. रविवारी शंभर बाण मारून शेवटचे दहा मधोमध लागले, याला मी काडीची किंमत देत नाही. रानात बाण एकच असतो आणि तो थंड अंगाने मारायचा असतो. म्हणून रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी, हात न तापवता, २० यार्डांवरून आठ इंचांच्या कागदी ताटलीवर एकच बाण मारा, लागला की चुकला हे भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहा आणि मगच हवा तेवढा सराव करा. सलग ३० दिवसांत ३० पहिले बाण ताटलीत लागले म्हणजे २० यार्ड तुमचे झाले. त्यानंतर २५ यार्डांसाठी हेच पुन्हा. पहिल्या वर्षी २५च्या पुढे जाऊ नका, ताटली ४० यार्डांवर भेदली तरीही. हा सराव गवताच्या गठ्ठ्यापुरता न ठेवता उंचावरून, गुडघ्यावर बसून, हातमोजे घालून आणि शिकारीची पाती लावूनही करायला हवा, कारण सरावाची टोके आणि रुंद पात्यांची टोके एकाच ठिकाणी लागतीलच असे नाही. आज ऑगस्ट आहे. धनुष्य दुकानातून नीट होऊन येईपर्यंत सप्टेंबर उजाडेल. माझे दुसरे उत्तर इतके ठाम का, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल.

मचाणाविषयी दोन वाक्ये, पण ती वगळू नका. रायफलने शिकार करताना तुम्ही बहुधा जमिनीवर किंवा बंद खोपटात बसत असाल. धनुष्यवाले झाडावर १५-२० फुटांवर बसतात आणि त्यांचे गंभीर अपघात बाणांनी नव्हे तर पडून होतात, म्हणून पूर्ण अंगाचा पट्टा जमिनीवरच बांधायचा, झाडाला लावलेल्या दोरात तो चढण्यापूर्वी अडकवायचा आणि धनुष्य वर गेल्यावर दोरीने ओढून घ्यायचे. वाऱ्याचे शास्त्र मोठे आहे आणि ते शेजारीच शिकवतील. एवढेच सांगतो की सकाळी ऊन वाढू लागले की उतारावरची हवा वर चढते आणि संध्याकाळी खाली वाहते, त्यामुळे सकाळचे मचाण आणि संध्याकाळचे मचाण सहसा एक नसते.

आता तुमच्या पत्नीच्या म्हणण्याकडे वळू, कारण मला वाटते तुम्ही त्याचे उत्तर आधीच ठरवून टाकले आहे. थँक्सगिव्हिंग मोकळे होईल, हा तुमचा हिशेब अर्धा बरोबर आहे. हंगाम चार महिन्यांच्या जवळपास आहे, पण एका हरणामागे धनुष्याला रायफलच्या कित्येक पट तास लागतात, आणि त्यातील सर्वांत चांगले दिवस म्हणजे माजाचा काळ, नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. सप्टेंबरच्या उष्णतेत शिकार झाली तर मांस तासाभरात बर्फात गेले पाहिजे, म्हणजे पुढचा अर्धा दिवसही गेला. नऊ दिवसांची अनुपस्थिती टळून दहा शनिवार-रविवारांची अनुपस्थिती वाट्याला येऊ शकते. हे घरी आधी बोला, आकड्यांत बोला आणि कोणते शनिवार तुमचे नाहीत ते त्यांच्याकडून लिहून घ्या. फ्रीजर भरणे हाच मुख्य हेतू असेल तर त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे आहे.

क्रॉसबोचाही विचार करायला हरकत नाही. विस्कॉन्सिनमध्ये २०१४पासून तो सर्वांना खुला आहे. त्याला वेगळा परवाना लागतो, पण त्याला दुर्बीण लावता येते, ओढून धरून ठेवावे लागत नाही आणि रायफल येणाऱ्याला तो काही आठवड्यांत हाताळता येतो. धनुष्यवाले त्याला नाके मुरडतात. मी मुरडत नाही. अंतराचा आणि आवाजाचा नियम मात्र त्यालाही लागू आहे, आणि हीच गोष्ट त्याची दुर्बीण माणसाला विसरायला लावते.

आईंच्या गोष्टीला मी हसण्यावारी नेणार नाही. पांडूने मृगरूपात रममाण झालेल्या किंदम ऋषींना बाण मारला आणि शाप ओढवून घेतला, एवढे आपण सगळेच ऐकतो. पण किंदम मरताना काय म्हणतात ते विसरतो. मृग मारल्याबद्दल मी तुला दोष देत नाही, असे ते म्हणतात. त्यांचा राग आहे तो राजा थांबला नाही यावर. माजाच्या दिवसांत मचाणावर बसणाऱ्याला ही गोष्ट फारच जवळून लागू पडते. नर मादीच्या मागे धावत २० यार्डांवर येतो, क्षणभर थांबतो, आणि तो क्षण नीट नसेल तर दोरी हळूच परत सोडून हात खाली घ्यावा लागतो. आईंना सांगा की त्यांच्या मुलाला हीच गोष्ट दुसऱ्या एकाने पुन्हा ऐकवली.

तेव्हा या वर्षी असे करा. तुमचे शिकारी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र विस्कॉन्सिनमध्ये धनुष्याच्या परवान्यालाही चालते, तरीही धनुष्यशिकारीचा स्वतंत्र अभ्यासक्रम पूर्ण करा. तो सक्तीचा नाही, पण बाण कुठे मारावा आणि माग कसा काढावा हे त्यात रायफलच्या वर्गापेक्षा अधिक नीट शिकवतात. नोव्हेंबरात नेहमीप्रमाणे रायफल घ्या. आणि ऑक्टोबरात शेजाऱ्यांना विचारून ठेवा की त्यांच्या किंवा त्यांच्या ओळखीतल्या कोणाच्या बाणाने हरीण लागले तर माग काढायला तुम्हाला बोलवावे, रात्री दहा वाजताही. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, आणि तिथे अर्धा तास थांबून निघायचे. काळपट लाल रक्त म्हणजे यकृत, तिथे चार ते सहा तास. हिरवट पाणी आणि आंबूस वास असेल तर पोट, आणि तिथे निदान दहा-बारा तास कोणी जागचे हलायचे नाही, कारण हुसकावलेले हरीण उठून मैलभर जाते आणि मग सापडत नाही. माग दुसऱ्याच्या कुंपणाशी पोचला तर मालकाची परवानगी घेतल्याशिवाय पलीकडे पाऊल टाकायचे नाही. हे दार ठोठावणेही कोणी तरी शिकवावे लागते. असे दोन-तीन माग तुम्ही गुडघ्यांवर बसून, विजेरीच्या उजेडात पानामागून पान उलटत काढलेत की मग पुढच्या उन्हाळ्यात मला पुन्हा लिहा, आणि पत्रासोबत कालनिर्णयाच्या त्या पानाचा फोटोही पाठवा.